वाजवून घ्यायची बोट

शिडाची जुनी बोट विकत घेण्याआधी जो जाणकार ती तपासून देतो, त्याला 'सर्व्हेअर' म्हणतात. या शब्दाच्या मुळाशी लॅटिन 'सुपर' आणि 'विदेरे' आहेत, म्हणजे वरून पाहणे. शेताच्या सर्व्हे नंबरामुळे तो आपल्याला परका वाटेनासा झाला आहे. तरी या कामाला मला 'पारख' हाच शब्द नेमका वाटतो. परि + ईक्ष्, म्हणजे चहूबाजूंनी पाहणे, ती 'परीक्षा'. प्राकृतात तिची 'परिक्खा' झाली आणि मराठीत 'पारख'. शाळेने संस्कृत रूप उचललं, बाजाराने घडलेलं. जुनी बोट नुसती वरून पाहणारा हमखास फसतो, कारण डेकवर ताजा रंग चढवायला कितीसा खर्च येतो? ती पाण्याबाहेर काढावी लागते, खाली वाकून तिच्याभोवती फिरावं लागतं.

फिरताना पारखी ठोकत जातो. हातात लहानशी हातोडी, नाहीतर नुसती स्क्रूड्रायव्हरची मूठ. टक्, टक् असा टणक आवाज येत असतो आणि एखाद्या जागी तो एकदम बद्द होतो. तिथे फायबरग्लासचे थर सुटलेले असतात किंवा आतलं लाकूड पाणी पिऊन कुजलेलं असतं. हा 'बद्द' मडक्यांच्या आणि नाण्यांच्या बाजारातला. मराठेशाहीत खजिन्यात भरणा होणारी नाणी पारखण्याचं काम पोतदाराकडे असे. 'वाजवून घेणे' हा आपला वाक्प्रचारही त्याच बाजारातला. बोटीच्या बाबतीत तो शब्दशः खरा.

बोट लाकडी असली तर फळ्यांच्या सांध्यांत कापूस ठासून भरलेला असतो. तो नखाने उचकटून बाहेर येत असेल, तर सौदा तिथेच थांबवावा. ही भरणी करणाऱ्या कारागिराची नोंद 1886 च्या हॉब्सन-जॉब्सन कोशात 'कॅलपट्टी' अशी आहे. तो शब्द पोर्तुगीज 'कलाफाते'वरून आला, आणि पोर्तुगिजांनी तो बहुधा अरबांकडून उचलला.

सुकाणूही अरबीच, 'सुक्कान'. ते दोन्ही हातांनी धरून हलवायचं. खुटखुट वाजलं, तर बेअरिंग झिजलेलं. सुकाणू धरणारा तो सुक्कानी. इंग्रजांनी त्याचं 'सीकनी' केलं आणि स्पेलिंगमध्ये 'सी', म्हणजे समुद्र, घुसवून शब्द जणू आपलाच करून टाकला. 'खलाशी'च्या मुळाशी अरबी 'खलास' आहे. त्याचा अर्थ सुटका. आपण मात्र 'पैसे खलास' म्हणताना सुटका विसरून गेलो आहोत.

सगळ्यांत गमतीचा नांगर. शेतातला नांगर संस्कृत 'लाङ्गल', बोटीवरचा फारसी 'लंगर'. ल चा न करायची मराठीला सवयच, त्यामुळे दोघंही एकाच रूपात येऊन बसले. गुरुद्वारातल्या पंगतीचा लंगर हाही फारसीच. पारखी नांगरापेक्षा त्याच्या साखळीकडे जास्त बघतो. कडी जिथे कडीवर घासते तिथे ती बारीक होते, म्हणून जाडी तिथेच मोजायची. शिडाचंही तसंच. कापड शाबूत दिसतं, पण उन्हाने आधी शिवण जाते. दोरा नखाने ओढला की पटकन तुटतो.

इतके शब्द बाहेरून आले, पण लाकडाचा शब्द इथून गेला. संस्कृत 'शाक'चा आपल्याकडे 'साग' झाला आणि अरबीत 'साज'. इंग्रजीतला 'टीक' मल्याळममधल्या 'तेक्कु'वरून, तोही पोर्तुगिजांच्या हातून. फायबरग्लासच्या जुन्या बोटींवर सागाच्या पट्ट्यांचं डेक दिसलं की गिऱ्हाईक भुलतं. पण त्या पट्ट्या बहुधा स्क्रूने बसवलेल्या असतात आणि प्रत्येक स्क्रूचं भोक म्हणजे पाण्याला खाली उतरायची वाट. भावाचं बोलणं काढण्याआधी तिथे आणखी एकदा ठोकून पाहावं.