टेंभलीचे बारा आकडे

२९ सप्टेंबर २०१० रोजी नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली गावात पंतप्रधान मनमोहन सिंग आणि सोनिया गांधी आले होते. देशातले पहिले आधार क्रमांक त्या दिवशी या आदिवासी गावातल्या लोकांच्या हाती पडले. फोटो सगळीकडे छापून आले. मला मात्र त्या दिवसामागचा आराखडा जास्त ओढतो.

रेशन, गॅस, रोजगार हमी, बँक, प्रत्येकाची यादी वेगळी होती. या याद्या जोडायच्या कशा? सगळं एका अवाढव्य डेटाबेसमध्ये ओतणं हा एक मार्ग. २००९मध्ये नंदन नीलेकणींच्या अध्यक्षतेखाली सुरू झालेल्या यूआयडीएआयने तो टाळला. केंद्रात मोजकंच ठेवलं: नाव, पत्ता, जन्मतारीख, लिंग, फोटो, बोटांचे ठसे, बुबुळं. क्रमांक मुद्दाम मुका ठेवला. त्यावरून जात कळत नाही, जिल्हाही नाही. 'हा ठसा या क्रमांकाचाच का?' असं कुठल्याही खात्याने विचारावं, उत्तर हो किंवा नाही. खात्यांनी आपापल्या यादीत फक्त एक रकाना वाढवायचा. सरकारी भाषेत याला 'सीडिंग' म्हणतात, म्हणजे पेरणी.

रचना म्हणून हे देखणं आहे. सिस्टिम जोडताना केंद्र जितकं लहान, तितकं बरं. पण त्यामुळे अवघड काम नाहीसं झालं नाही, ते तालुक्याच्या डेटा एंट्री ऑपरेटरच्या टेबलावर गेलं.

बारावा आकडा तपासणीचा असतो. डच गणिती व्हेरहूफ यांची १९६९ची ही रीत एक आकडा चुकला किंवा शेजारचे दोन उलटसुलट झाले, तरी चूक पकडते. पण शेजारणीचा अचूक क्रमांक तुमच्या नावापुढे पडला तर? गणिताच्या लेखी सगळं ठीक. ही चूक पकडायला नावं जुळवावी लागतात, आणि एका यादीत 'वसावे', दुसरीत 'वसावा' असेल तर माणूस एकच की दोन, हे संगणक कसं ठरवणार?

१ जानेवारी २०१३ला थेट लाभ हस्तांतरण सुरू झालं. आधारवर पाठवलेले पैसे कुठल्या बँकेत जायचे, हे एनपीसीआयच्या तक्त्यावरून ठरतं, आणि त्यात सगळ्यात शेवटी जोडलेली बँक धरली जाते. नियम सोपा, प्रोग्रामरला आवडेल असा. २०१७मध्ये एका मोबाइल कंपनीने सिम पडताळणीच्या वेळी ग्राहकांची पेमेंट बँकेतली खाती उघडली, आणि गॅसची सबसिडी लोकांना पत्ता नसलेल्या त्या खात्यांत वळली. तक्ता नियमाप्रमाणेच चालला होता! नवं खातं ग्राहकाने स्वतः मागितलंय, हे त्यात गृहीत होतं.

आर्किटेक्चरचं विश्लेषण म्हणजे अशी गृहीतकं आधी शोधणं. आकृतीत दोन चौकोनांमध्ये एक बाण असतो. प्रत्येक बाणापाशी विचारायचं: इथलं खरं कोण ठरवतं? चूक झाली तर दुरुस्त कोण करतं? उत्तर 'नाही' आलं, किंवा आलंच नाही, तर? धडगावात तो बाण सातपुड्यातल्या नेटवर्कमधून आणि निंदणी-खुरपणीने झिजलेल्या बोटांमधून जातो.

या शेवटच्या प्रश्नाचा एक तुकडा सर्वोच्च न्यायालयाच्या निकालात सापडतो. २६ सप्टेंबर २०१८ला न्यायालयाने अनुदानांसाठी आधार कायम ठेवलं. मात्र केवळ पडताळणी फसली म्हणून खऱ्या लाभार्थ्याला नाकारलं जाणार नाही, ही सरकारची हमी नोंदवून घेतली. तेव्हा टेंभलीतल्या वाटपाला आठ वर्षं होत आली होती.