हिल ऑफ ग्रेस : जुन्या वेली वाचल्या कशा?

दक्षिण ऑस्ट्रेलियात ईडन व्हॅली म्हणून भाग आहे. तिथे एका लहानशा लुथरन चर्चसमोर शिराझ द्राक्षांची बाग आहे, आणि तिच्यातल्या सर्वांत जुन्या वेली १८६० च्या सुमारास लावलेल्या आहेत. चर्चचं नाव ग्नाडेनबेर्ग, म्हणजे कृपेची टेकडी. त्यावरूनच इथल्या गडद, दाट रेड वाइनला 'हिल ऑफ ग्रेस' हे नाव मिळालं. बाग हेन्श्के घराण्याची.

आता इंग्रजांच्या वसाहतीत हे जर्मन नाव आलं कुठून? प्रशियाच्या राजाने १८१७ मध्ये दोन प्रॉटेस्टंट पंथ एकत्र करायला सुरुवात केली. जुन्या वळणाच्या लुथरन लोकांना ते पटेना, त्यांच्या धर्मगुरूंना तुरुंगवास झाला. १८३८ पासून ही माणसं जहाजं भरून इकडे येऊ लागली. योहान ख्रिस्तियान हेन्श्के आले १८४१ मध्ये, आणि वाइन करू लागले १८६०च्या दशकात.

त्याच सुमारास फ्रान्समध्ये फिलॉक्सेरा शिरला. अमेरिकेतून आलेला हा मावावर्गीय किडा मुळ्यांतला रस शोषतो, वेल मरते. युरोपला शेवटी अमेरिकी खुंटावर कलमं बांधावी लागली. (खुंटावरची बाग नाशिक-सांगलीकडच्या मंडळींना नवी नाही, पण तिथे कारण पाणीटंचाई आणि क्षारांचं.) १८७७ मध्ये हा किडा शेजारच्या व्हिक्टोरियात सापडला. दक्षिण ऑस्ट्रेलियाने बाहेरच्या वेलींवर कडक बंदी घातली, आणि किडा आजतागायत तिथे पोचलेला नाही. म्हणून या वेली स्वतःच्याच मुळांवर उभ्या आहेत.

पण किड्यापेक्षा मोठं संकट आलं ते बाजाराचं, असं आम्हाला वाटतं. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत तिकडे खप गोड, पोर्टसारख्या वाइनचा. चौथ्या पिढीच्या सिरिल हेन्श्के यांनी तो धंदा सोडून एकेका बागेची वेगळी वाइन भरायचं धाडस केलं. 'हिल ऑफ ग्रेस'चा पहिला हंगाम १९५८ चा. पुढे १९८०च्या दशकात द्राक्षं उदंड झाली, गिऱ्हाईक व्हाइट वाइनकडे वळलं, आणि सरकारने चक्क वेली उपटायला पैसे दिले! बारोसा भागात शंभर शंभर वर्षांच्या शिराझ तेव्हा उखडल्या गेल्या. कमी पिकणारी म्हातारी वेल शेतकऱ्याने ठेवावी कशाला, हा हिशेब चुकीचा म्हणता येत नाही. हेन्श्केंचं निभावलं, कारण त्यांची वाइन त्यांच्याच नावाने विकली जात होती. नुसती द्राक्षं विकणाऱ्याला ही सोय नव्हती.

वय झालं की वाइन आपोआप उत्तम होते, हा मात्र गोड गैरसमज. जुन्या वेलीची मुळं खोल जातात, घड थोडे येतात, रस दाट उतरतो, हे खरं. पण सुमार वेली लोकांनी आधीच काढलेल्या असतात, हेही खरंच ना! २००९ मध्ये बारोसात वेलींच्या वयाची सनद झाली. सव्वाशे वर्षांपुढची ती 'पूर्वज' वेल. आणि पाचव्या पिढीच्या घरातल्या प्रू हेन्श्के, ज्या वनस्पतिशास्त्र शिकलेल्या, त्या या बागेतल्या निवडक वेलींच्या काड्या घेऊन नवी रोपं तयार करत आल्या आहेत.