मेक्सिकोच्या शेतावरील मराठी गुरू

परमुलखात जाऊन नाव मिळविलेल्या मराठी माणसांची आठवण काढताना आपली दृष्टी बहुधा सेनानी, मुत्सद्दी आणि उद्योजक यांच्याकडे वळते. शेतीचा शिक्षक त्या मालिकेत सहसा बसविला जात नाही. मंडळाच्या सुवर्णमहोत्सवाच्या निमित्ताने अशाच एका शिक्षकाचे स्मरण करावे, असे आम्हांस वाटले. ते म्हणजे पांडुरंग सदाशिव खानखोजे. गदर चळवळीतील क्रांतिकारक म्हणून त्यांचे नाव वाचकांस ठाऊक असेल. त्यांच्या अध्यापनाची हकीकत मात्र तितकीशी परिचित नाही.

खानखोज्यांचा जन्म एकोणिसाव्या शतकाच्या नवव्या दशकात वर्ध्याच्या मुलखात झाला. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात त्यांनी देश सोडला आणि जपानमार्गे ते अमेरिकेस पोहोचले. तेथे त्यांच्या शिक्षणाला दोन वाटा फुटल्या. एकीकडे ऑरेगन व वॉशिंग्टन या राज्यांतील महाविद्यालयांत त्यांनी कृषिशास्त्राचा रीतसर अभ्यास केला. दुसरीकडे सैनिकी विद्याही संपादन केली. शिवाय पश्चिम किनाऱ्यावरील लाकडाच्या गिरण्यांत आणि शेतांवर राबणाऱ्या पंजाबी मजुरांमध्ये ते वावरले. १९१३ साली उभ्या राहिलेल्या गदर पक्षाच्या आरंभीच्या मंडळींत ते होते. अल्पशिक्षित, कष्टकरी माणसाला मोठा विचार त्याच्या भाषेत कसा सांगावा, याचा पाठ त्यांना या वस्त्यांतच मिळाला असावा, असे आमचे अनुमान आहे.

पहिल्या महायुद्धाच्या काळात इराणच्या बाजूने हिंदुस्थानच्या सीमेकडे सरकण्याचा त्यांचा प्रयत्न फसला. पुढे बर्लिन व मॉस्को अशी भ्रमंती करून १९२४च्या सुमारास ते मेक्सिकोत आले. स्वदेशाचे दार बंद होते. हाती उरली होती ती शेतीची विद्या.

त्या वेळचा मेक्सिको अशा विद्येचा भुकेला होता. १९१० साली सुरू झालेल्या क्रांतीनंतर १९१७च्या राज्यघटनेने मोठ्या जमीनदारांच्या जमिनी तोडून गावांना देण्याचा मार्ग मोकळा केला. परंतु पिढ्यान्‌पिढ्या दुसऱ्याच्या हुकमाने नांगर धरलेल्या मजुराला जमीन मिळाली, म्हणून बी कोणते निवडावे, जमिनीचा कस कसा राखावा, हे निर्णय आपोआप येत नाहीत. टेक्सकोकोजवळ चापिंगो येथील जुन्या हवेलीत १९२४ साली राष्ट्रीय कृषिविद्यालय आले, ते याच गरजेपोटी. जमिनीतून पीक काढण्यास शिकवावे, माणसाला पिळण्यास नव्हे, अशा आशयाचे त्या संस्थेचे ब्रीद आहे. या विद्यालयात खानखोजे प्राध्यापक झाले. परक्या स्पॅनिश भाषेतून ते शिकवीत आणि मका व गहू यांच्या सुधारित वाणांवर संशोधन करीत.

पण प्रयोगशाळेच्या भिंतींत ही विद्या कोंडून ठेवणे त्यांना रुचले नाही. १९२८च्या सुमारास त्यांनी खेड्यांत ‘मुक्त कृषिशाळा’ काढण्यास आरंभ केला. त्यांतील एका शाळेला शेतकऱ्यांचा नेता एमिलियानो झपाटा याचे नाव होते. विद्यार्थी म्हणजे स्वतः शेतकरी आणि शिक्षण विनाशुल्क. या योजनेतील शहाणपण मक्याच्या स्वभावावरून ध्यानी येते. मक्याचे परागण वाऱ्याने होते. शेजारच्या शेतातील हलक्या वाणाचे पराग उडत आले, की आपले निवडक बियाणेही भेसळते. म्हणजे वाण सुधारावयाचा, तर एका शेतकऱ्याने शहाणे होऊन भागत नाही. शिवारच शहाणे व्हावे लागते. कणसे खळ्यावर आल्यावर बी निवडणे आणि उभ्या पिकात झाड पारखून ते निवडणे यांतील अंतरही फळ्यावर समजत नाही. शाळेनेच शेतकऱ्याच्या दारी जावे, हे त्यावरचे साधे उत्तर होते.

या शाळांची आणि मक्याच्या वाणांची छायाचित्रे तिना मोदोत्ती या विख्यात छायाचित्रकर्तीने टिपली. चित्रकार दिएगो रिवेरा यांनी मेक्सिको नगरीतील शिक्षण मंत्रालयाच्या भिंतीवर १९२८ साली रंगविलेल्या एका भित्तिचित्रात मेजाच्या अग्रभागी बसून भाकरी वाटणारा पुरुष आहे, तो खानखोज्यांच्या चेहऱ्याचा. ज्याने एके काळी हाती शस्त्र धरले, त्याची परमुलखात उरलेली प्रतिमा अन्न वाटणाऱ्याची आहे.

स्वातंत्र्यानंतरही त्यांची वाट सरळ नव्हती. ब्रिटिशांच्या काळ्या यादीमुळे त्यांना प्रवेशपत्र प्रथम नाकारले गेले. पुढे तो निर्णय फिरला. १९५५ मध्ये ते नागपुरात स्थायिक झाले आणि जानेवारी १९६७ मध्ये तेथेच निवर्तले. चापिंगोच्या आवारात २०२२ साली त्यांचा पुतळा उभा राहिला.

आपणही आपापल्या कारणांनी घर सोडून या गावी आलो. मुलांची मराठी टिकावी, सण साजरे व्हावेत, ही आपली धडपड योग्यच आहे. पण जेथे आलो तेथील माणसांना आपल्या जवळचे काय दिले, हा प्रश्न खानखोज्यांचे चरित्र वाचताना आम्हांस अस्वस्थ करतो. त्यांनी वर्धा विसरले नाही. आणि टेक्सकोकोच्या शेतकऱ्याला परकेही मानले नाही. पन्नास वर्षांचा हिशेब मांडताना हा स्तंभही आपल्या वहीत असावा.