तळटीप १४ : अ‍ॅनिमेवेडा
१४. अ‍ॅनिमेवेडा : जपानी अ‍ॅनिमेशनचा निष्ठावान चाहता. मालिका संपली तरी तो चित्रकार, दिग्दर्शक आणि मूळ चित्रकथा यांचा माग काढत राहतो. गणेशमूर्तींच्या डोळ्यांची आखणी पाहत वाढलेल्या पेणच्या मुलाला हाताने काढलेल्या रेषेची ही ओढ सहज उमजते.

भारतात २००४मध्ये ‘अ‍ॅनिमॅक्स’ ही अ‍ॅनिमे वाहिनी आली. पुढे चाहत्यांनी हजारो सह्यांची ऑनलाइन याचिका केली आणि ऑक्टोबर २०१९मध्ये दिग्दर्शक माकोतो शिंकाई यांचा अ‍ॅनिमेपट ‘वेदरिंग विथ यू’ इथल्या चित्रपटगृहांत लागला.

भारताचे अ‍ॅनिमेशी नाते त्याहून जुने आहे: जपानी दिग्दर्शक युगो साको यांच्या १९९२च्या अ‍ॅनिमे रामायणपटाचे सहदिग्दर्शन भारतीय अ‍ॅनिमेटर राम मोहन यांनी केले होते. जानेवारी २०२५मध्ये तो देशभर पुन्हा झळकला. असे चित्रपट मल्टिप्लेक्सच्या मोठ्या पडद्यावर पाहायला पेण-रोह्याच्या रसिकांना दिवा-रोहा रेल्वेमार्गावरचे पनवेल सोयीचे पडते.