चोडणचे वन आणि चोडणचा बांध

रायबंदरच्या धक्क्यावरून फेरीबोटीने मांडवी ओलांडली की चोडण बेट लागते. बेटाच्या पश्चिम टोकाशी सुमारे १७८ हेक्टर खारफुटीचे वन आहे. १९८८ साली अभयारण्य म्हणून घोषित झालेले हे वन पक्षिशास्त्रज्ञ डॉ. सलीम अली यांच्या नावाने ओळखले जाते.

आम्ही प्रथम पायवाटेने गेलो. ओहोटी होती. चिखलातून श्वासमुळांची टोके वर आलेली, त्यांमधून निवट्या उड्या मारीत होत्या आणि बगळे संथपणे चरत होते. भरती आल्यावर होडीत बसलो. मघाशी जिथे चिखल होता, तिथूनच आता होडी सरकत होती. दोन प्रहरांत एकाच भूमीची दोन रूपे पाहून मनात प्रश्न उभा राहिला : या भूमीवर खरा हक्क कोणाचा, समुद्राचा की माणसाचा?

तिसवाडीच्या गावकऱ्यांनी या प्रश्नाला फार पूर्वी उत्तर दिले होते. पोर्तुगीज येण्याच्या कितीतरी आधीपासून त्यांनी खाडीकाठी मातीचे बांध घालून खाजन शेते उभी केली. बांधात लाकडी झडपांची मानस बसविली. भरतीचे पाणी चढले की त्याच्याच दाबाने झडपा मिटत आणि ओहोटीला आतले पाणी त्या ढकलून बाहेर पडे. आत कोरगुटासारखे खारे पाणी सोसणारे भात पिके. बांधाबाहेर खारफुटी राखली तर ती लाटांचा मार झेली. ही व्यवस्था गावकरीची, म्हणजे साऱ्या गावाची होती. १५२६ च्या फोरालात पोर्तुगीजांनीही गावकरीचे रिवाज नोंदवून घेतले.

पुढे धर्मांतराच्या काळात चोडणच्या देवकीकृष्णाला गाव सोडावे लागले. ते दैवत मयेमार्गे माशेलला गेले आणि आजही तेथेच नांदते. देव हलविता आला, बांध मात्र हलविता येत नाही. तो वर्षानुवर्षे जागेवरच राखावा लागतो. १९६४ च्या कूळ कायद्याने कसणाऱ्याला न्याय दिला, परंतु बांधांची जबाबदारी गावकरीकडून कुळांच्या संघांकडे गेली आणि अनेक ठिकाणी डागडुजीची जुनी शिस्त मोडली. फुटलेला बांध वेळीच बुजविला नाही तर खारे पाणी शेतात ठाण मांडते, आणि भाताच्या जागी खारफुटी रुजते. अशी रानावलेली खाजने तिसवाडीत ठिकठिकाणी दिसतात.

म्हणून खारफुटी पाहून आम्हांला आनंद झाला, तसा संकोचही वाटला. पाखरांना आसरा मिळाला हे उत्तमच आहे. हे वन राखलेच पाहिजे. मात्र शेजारचे खाजन ओस पडले म्हणून तेथेही वन वाढले, यात अभिमान कसला? बांधाबाहेर खारफुटी आणि बांधाच्या आत भात, हीच पूर्वजांनी समुद्राशी केलेली वाटणी होती.

परतताना फेरीबोटीतून मागे पाहिले. वन अंधारात मिसळले होते आणि भरतीचे पाणी बांधाच्या कडेला लागले होते.