माजी विद्यार्थ्यांची मुलाखत : प्रवेशात वजन किती?

आपल्याकडे प्रवेश गुणांवर, सीईटीवर. म्हणून अमेरिकेचा अर्ज भरला की वर्सोव्यातले अम्मी-अब्बू मुलाखतीच्या नावानेच धास्तावतात. हार्वर्ड, एमआयटीसाठी ही मुलाखत माजी विद्यार्थी घेतात, बऱ्याचदा ऑनलाइन, आणि अहवाल पाठवतात; निर्णय प्रवेश समितीचा. गुण, निबंध, शिफारसपत्रांपुढे तिचं वजन कमीच. मुलाखत घेणारा मिळाला नाही तर नुकसान नाही. बोलावणं आलं तर मात्र टाळू नये.

हार्वर्डवरच्या २०१८ च्या खटल्यात एक गोष्ट उघड झाली. समोरासमोर भेटलेल्या माजी विद्यार्थ्यांनी आशियाई वंशाच्या मुलांना व्यक्तिमत्त्वाचे गुण जवळपास गोऱ्यांइतकेच दिले होते, प्रवेश कार्यालयाने मात्र कमी. म्हणून आम्ही मुलींना सांगतो, हिजाब, उर्दू शाळा, घरची जबाबदारी, काही लपवू नका. अब्बूंनी शेजारी बसू नये. आणि मुलाखतीच्या नावावर एजंट पैसे मागत असेल तर देऊ नका. ती फुकट असते.