अरदास

मानोरा तालुक्यातल्या पोहरादेवीला रामनवमीच्या यात्रेत एक शब्द सतत कानावर पडतो : अरदास. बंजारा समाजाचे संत सेवालाल महाराज यांच्या समाधीशी निखाऱ्यांवर तूप आणि गोडाचा घास पडतो, धूर वर चढतो, हात जोडले जातात आणि गोरबोलीतली, म्हणजे बंजारा भाषेतली, विनवणी सुरू होते. शेवटी ‘सेन साई वेस’, म्हणजे साऱ्यांचं भलं होऊ दे.

आता हा शब्द मुळात देवळातला नाही, कचेरीतला! फारसी ‘अर्जदाश्त’ म्हणजे वरिष्ठांपुढे ठेवलेली लेखी विनंती. आपल्या जुन्या मराठी दफ्तरांत तोच ‘अर्जदास्त’ होऊन बसला, पण कागदातून उठला नाही. उत्तरेत मात्र तो झिजून प्रार्थना झाला, शिखांचीही अरदासच. बंजारे बैलांच्या तांड्यांवर धान्य लादून मोगल फौजांना रसद पुरवत. १६७५मध्ये गुरू तेगबहादूरांच्या देहावर अंत्यसंस्कार करणारा लखीशाह हाही परंपरेने बंजाराच. बंजाऱ्यांकडे हा शब्द छावणीतून आला की गुरुद्वारातून, यावर मी पैज लावणार नाही.

मानववंशशास्त्रज्ञ जेम्स फ्रेझरने ‘द गोल्डन बाऊ’च्या १९००च्या दुसऱ्या आवृत्तीत जादू आणि धर्म वेगळे काढले : जादू निसर्गाला हुकूम सोडते, धर्म देवाला विनवतो. अरदास उघडच दुसऱ्या खात्यात जाते. पण निखाऱ्यावरचं तूप? देवाला आधी जेवू घालून मग गाऱ्हाणं मांडायचं, ही पद्धत फ्रेझरच्या दोन्ही खात्यांत नीट बसत नाही. कचेरीत मात्र ती सर्रास चालते.